नागरिकशास्त्राच्या तासाला वादविवाद घेताना

सहावी-सातवीच्या मुलांना पहिल्याच वेळी ‘लोकशाही चांगली की वाईट’ असला विषय देऊ नका. भाषणं पाठ करून येतात आणि तास वाया जातो. काहीतरी ठरवावंच लागेल असा नेमका प्रश्न द्या: मतदान सक्तीचं असावं का? मतदानाचं वय १६ करावं का? ऑस्ट्रेलियाने संघीय निवडणुकांसाठी १९२४मध्ये सक्ती आणली, ऑस्ट्रियाने २००७मध्ये वय १६वर आणलं. म्हणजे बोलायला खरी उदाहरणं आहेत.

बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवा. माझा खरा आग्रह पुढच्या नियमाचा: उत्तर देणाऱ्याने आधी समोरच्याचा मुद्दा आपल्या शब्दांत मांडायचा. समोरचा ‘हो, हेच म्हणालो’ म्हणाला की मगच बोलायचं. मुलं कुरकुरतात, तास रेंगाळतो, तरी सोडू नका. ऐकण्याची सवय इथेच लागते.

वक्तृत्वाला गुण नकोत, पुराव्याला द्या; नाहीतर तीच चार बोलकी मुलं भाव खातात आणि बाकीची टाळ्यांपुरती उरतात. अबोल मुलांकडे पुरावे तपासण्याचं काम द्या, पण दरवेळी तेच नको.

विजेता जाहीर करू नका. कोणाचं मत कोणत्या मुद्द्यामुळे हललं, ते दोन ओळींत लिहून घ्या. आणि हो, तुमचं मत विचारतीलच. निदान तास संपेपर्यंत सांगू नका.