झाडे राजा शोधायला निघाली: वाचकांचे प्रश्न

बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाच्या 9 व्या अध्यायातला योथामाचा दाखला थोडक्यात असा. शखेम नगराच्या लोकांनी योथामाचा सावत्र भाऊ अबीमलेख याला राजा केले, तेव्हा योथामाने तो त्यांना सांगितला. झाडे आपल्यासाठी राजा नेमायला निघाली. जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल या तिघांनी पाळीपाळीने नकार दिला. शेवटी त्यांनी काटेझुडपाला गळ घातली. झुडूप म्हणाले, ‘खरोखर मला राजा करत असाल तर माझ्या सावलीत या, नाहीतर माझ्यातून आग निघून लबानोनचे गंधसरू खाक करील.’ या दाखल्याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्नांची उत्तरे इथे देत आहोत.

आमच्या पास्टोरेट कमिटीसाठी (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीसाठी) चांगली माणसे उभी राहत नाहीत. विचारले की ऐकवतात, ‘जैतुनानेही नकारच दिला होता!’ हे बरोबर आहे का? (एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा)

अर्धेच बरोबर आहे. जैतून विचारते, ‘देवाचा आणि माणसांचा सन्मान ज्याने होतो ते तेल सोडून मी झाडांवर डोलायला जाऊ काय?’ मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थच हलणे, डोलणे असा आहे. झाडांना राजा कशासाठी हवा होता, हे दाखल्यात कुठेही सांगितलेले नाही. शत्रू चालून आलेला नाही, दुष्काळ नाही, आपसात तंटाही नाही. काम न ठरवता नुसते पद घेऊन दारोदार फिरले, तर ज्याचे हात कामात गुंतले आहेत तो नाहीच म्हणणार.

उरलेले अर्धे समजण्यासाठी योथामाचा बाप, इस्राएलाचा पुढारी गिदोन याच्याकडे पाहावे लागते. लोकांनी त्याला राज्य देऊ केले, तेव्हा ‘मी राज्य करणार नाही, माझा मुलगाही करणार नाही, परमेश्वर करील,’ असे तो म्हणाला (8:23). पण त्याच दमात त्याने लुटीतली कुंडले मागून घेतली. ते सोने 1,700 शेकेल भरले. त्याचे एफोद (याजकाचे वस्त्र) करून त्याने ओफ्रा येथे ठेवले आणि सगळे इस्राएल त्याच्या नादी लागले. शखेमातल्या उपपत्नीपासून झालेल्या मुलाचे नाव त्याने अबीमलेख ठेवले, म्हणजे ‘माझा बाप राजा’. गिदोनाने पद नाकारले, मान आणि सोने मात्र घरात ठेवले, आणि आपल्यामागे कारभार कोणी पाहायचा याची घडी बसवली नाही. ती रिकामी जागा अबीमलेखाने बळकावली. तेव्हा नकार देणाऱ्याने निदान पुढची सोय तरी लावून द्यावी, असे आम्हाला ठामपणे वाटते.

तुम्ही माणसाकडे पद घेऊन जाऊ नका, काम घेऊन जा. काम काय, महिन्याला किती तास, किती वर्षे, आणि कोणते निर्णय त्याच्या हातात, एवढे एका कागदावर लिहा. निवडणुकीच्या आदल्या रविवारी विचारले तर माणूस बिचकतो. तीन महिने आधी विचारा. खजिनदाराचे काम दोघांत वाटा: दान मोजणे आणि पावत्या एकाकडे, बँकेचा व्यवहार दुसऱ्याकडे. ओझे हलके होते आणि हिशेबावर दुसरी नजरही राहते. शब्बाथ शाळा (मुलांची रविवारची धर्मशाळा) उत्तम चालवणाऱ्या बाईंना मात्र अध्यक्षपदासाठी तिथून उठवू नका. ते त्यांचे तेल आहे.

काटेझुडूप आधीच ओळखता येते का? (महिला मंडळाच्या चिटणीस, सोलापूर)

येते. त्यासाठी 9:1-6 बारकाईने वाचा. अबीमलेख आजोळच्या लोकांकडे गेला आणि त्याने विचारले, ‘सत्तर जणांनी तुमच्यावर राज्य केलेले बरे की एकाने? मी तुमच्या हाडामांसाचा आहे.’ हे सत्तर जण म्हणजे गिदोनाचे मुलगे, अबीमलेखाचे भाऊ. त्यांना राज्य हवे होते, असे आधीच्या मजकुरात कुठेच नाही; बापाने तर ते नाकारलेच होते. आधी नसलेली भीती उभी केली, मग नाते पुढे केले. पैसा आला तो बाल-बरीथ या दैवताच्या मंदिरातून: चांदीचे 70 तुकडे, म्हणजे भावामागे एक. त्यातून रिकामटेकडी, उडाणटप्पू माणसे पोसली आणि सगळ्या भावांना एकाच दगडावर मारले. धाकटा योथाम तेवढा लपून वाचला.

आता झुडपाची भाषा पाहा. सावलीचे आमंत्रण आणि आगीची धमकी एकाच वाक्यात आहे. उंच गंधसरू झुडपाच्या सावलीत मावणार कसा? आग मात्र खरी. वाळके काटे चटकन पेटतात आणि उभे पीक घेऊन जातात. निर्गम 22:6 मध्ये अशा आगीच्या भरपाईचा नियमच आहे. म्हणून इच्छुकाला एक प्रश्न जरूर विचारा: ‘आम्ही तुम्हाला निवडले नाही, तर तुम्ही मंडळात काय कराल?’ उत्तरात रुसवा किंवा दमदाटी आली, तर तुम्हाला हवे ते कळले.

पुढे राहून काम करतो म्हणून पुढारी चांगला, असेही धरू नका. सल्मोन डोंगरावर अबीमलेखाने स्वतः कुऱ्हाडीने फांदी तोडून खांद्यावर घेतली आणि म्हणाला, ‘मी केले तसे करा’ (9:48). गिदोनानेही आपल्या माणसांना जवळजवळ हेच सांगितले होते (7:17). या फांद्यांनी शखेमच्या बुरुजातली सुमारे हजार स्त्री-पुरुष माणसे जाळली गेली.

मग सगळा दोष अबीमलेखाचाच ना? (एक वाचक, पुणे)

नाही. योथाम निवडणाऱ्यांना विचारतो, तुम्ही हे सत्याने आणि सरळपणाने केले काय? नसेल, तर आग दोन्हीकडून निघेल (9:16-20). तीन वर्षांनी तसेच झाले. शखेम जमीनदोस्त झाले, त्यावर मीठ पेरले गेले. अबीमलेखाच्या डोक्यात तेबेस येथे एका बाईने जात्याची वरची तळी टाकली. ‘बाईने मारले असे कोणी म्हणू नये’ म्हणून त्याने शस्त्रवाहकाकडून स्वतःला मारवून घेतले. पुढे 2 शमुवेल 11:21 मध्ये दावीद राजाचा सेनापती यवाब त्याची आठवण काढतो, ती नेमकी त्या बाईसकट!

तरुण संघात हा दाखला एका तासात कसा घ्यावा? (एक कार्यकर्ते, जालना)

बहुतेक जण 9:7-15 वाचून थांबतात आणि मग झाडांची गोष्ट तेवढी उरते. 8:22 पासून 9:57 पर्यंत, म्हणजे 71 वचने, सलग मोठ्याने वाचा. पाव तास लागतो. नकाशावर आजच्या नाब्लूसजवळ गरिज्जीम आणि एबाल यांच्यामधले शखेम दाखवा. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या 27 व्या अध्यायाप्रमाणे गरिज्जीम हा आशीर्वादाचा डोंगर. योथाम तिथे उभा राहून शाप उच्चारतो, हे मुलांना सांगायला विसरू नका.

मग विचारा, ‘झाडांना राजा कशाला हवा होता?’ शांतता पसरली तर पसरू द्या, उत्तर सुचवू नका. गावातल्या पुढाऱ्याचे किंवा पाळकांचे नाव कोणी काटेझुडपाला जोडू लागला तर लगेच थांबवा, नाहीतर उरलेला तास भांडणात जातो. शेवटची वीस मिनिटे चार-चार जणांचे गट करून संघातल्या एकेका पदाचे काम पाच ओळींत लिहायला सांगा. ज्या पदाच्या पाच ओळी भरत नाहीत, ते यंदा रिकामे ठेवा.