फोटोवर टीका, फोटोची समीक्षा की फोटोविषयी अभिप्राय?

प्रश्न असा आहे की, हौशी छायाचित्रकार एकमेकांचे फोटो पाहून जे मत देतात त्याला 'रचनात्मक टीका' म्हणावे की 'समीक्षा', आणि समोरचा दुखावणार नाही अशा रीतीने ते मराठीत कसे मांडावे.

'टीका' या शब्दाचा पूर्वीचा अर्थ भाष्य किंवा विवरण असा आहे. ज्ञानेश्वरीच्या शेवटी 'शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें' असे म्हटले आहे, म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ उलगडून सांगितला. आज मात्र 'टीका केली' हे शब्द कानावर पडताच कोणीतरी कोणाचे तरी वाभाडे काढले, असेच आपण समजतो. 'टीका लिहिणे' या प्रयोगात जुना अर्थ अजून टिकून आहे, 'टीका करणे' या प्रयोगातून तो जवळजवळ गेला. त्यामुळे नवशिक्याला 'तुझ्या फोटोवर टीका करतो' असे सांगितल्यास तो आधीच अंग चोरून बसेल.

'रचनात्मक' हे विशेषण मला या ठिकाणी गैरसोयीचे वाटते. छायाचित्रणात 'रचना' म्हणजे चौकटीतील घटकांची मांडणी, त्यामुळे 'रचनात्मक सूचना' म्हटले की ती मांडणीविषयीची सूचना आहे की सुधारणेला हातभार लावणारी, हे वाचणाऱ्याला कळत नाही. मराठीत यासाठी 'विधायक' हा चांगला रुळलेला शब्द आहे. गांधीजींच्या कार्यक्रमालाही आपण 'विधायक कार्यक्रम' असेच म्हणत आलो. (हिंदीत 'विधायक' म्हणजे आमदार, म्हणून हिंदीला ही सोय नाही, आपल्याला आहे, तर ती वापरावी.)

'समीक्षा' आणि 'परीक्षण' हे दोन्ही शब्द 'ईक्ष्' म्हणजे पाहणे या धातूपासून आले असल्याने फोटोच्या संदर्भात ते शोभून दिसतात. तरीही 'परीक्षण' म्हटले की स्पर्धा आणि गुण आठवतात, तर 'समीक्षा' हा शब्द एखाद्याच्या अनेक वर्षांच्या कामासाठी राखून ठेवावा. एकेका फोटोसाठी मी 'अभिप्राय' सुचवेन. संस्कृतात त्याचा अर्थ हेतू असाही होतो. फोटो काढणाऱ्याला काय दाखवायचे होते हे आधी विचारून मग मत द्यावे, ही शिस्त त्या शब्दातच आहे, म्हणून तो मला विशेष प्रिय आहे.

पण नाम कोणतेही निवडले तरी अभिप्रायाचा सूर क्रियापदावरून ठरतो, आणि येथे मराठी फार मदत करते. 'तुम्ही फोटो हलवला', 'तुम्ही आभाळ जाळले' (म्हणजे जास्त प्रकाशामुळे ते पांढरेफट्ट आले) या वाक्यांत कर्ता आरोपी होतो. 'फोटो हलला आहे', 'आभाळ जळले आहे' असे अकर्मक क्रियापद वापरले की तोच दोष तितक्याच स्पष्टपणे सांगितला जातो आणि बोट माणसाकडे न जाता चित्राकडे जाते. समजा, दिवे घाटात वारीचा फोटो काढला आहे, क्षितिज डावीकडे झुकले आहे आणि नाचणाऱ्या वारकऱ्याचे पाय चौकटीच्या कडेवर तुटले आहेत. 'थोडे मागे सरकला असता तर पाय आले असते' हे खरे असले तरी संकेतार्थ येथे फक्त हळहळ देतो, कारण तो क्षण गेला. 'क्षितिज सरळ करून पाहावे', 'पुढच्या वेळी पायांखाली थोडी जागा ठेवावी' हा विध्यर्थ हाताला काम देतो. शिवाय वारकऱ्याचे हात अस्पष्ट आले असतील तर तो दोष आहे असे लगेच ठरवू नये; १/३० सेकंदाचा शटर वेग (म्हणजे शटर उघडे राहण्याचा वेळ) नाचाची गती दिसावी म्हणून मुद्दाम ठेवलेला असू शकतो, आणि हात स्थिर हवे असतील तर १/५०० च्या आसपासचा वेग वापरून पाहावा, एवढे सांगणे पुरते. 'चूक', 'दोष' आणि 'उणीव' हे शब्दही एकमेकांच्या जागी वापरू नयेत: चूक करणाऱ्याची असते, दोष चित्रात असतो, आणि उणीव म्हणजे जे तेथे हवे होते पण नाही ते.

अभिप्राय घेणाऱ्यासाठी मराठीत दोन जवळजवळचे वाक्प्रचार आहेत. 'मनाला लावून घेणे' म्हणजे दुखावणे, आणि 'मनावर घेणे' म्हणजे एखादी गोष्ट करायचीच असे ठरवणे. पहिला टाळून दुसरा साधायचा असेल तर मत मागतानाच प्रश्न नेमका असावा. 'कसा वाटला?' या प्रश्नाला 'छान' यापलीकडे उत्तर क्वचितच मिळते. 'नजर आधी कुठे गेली?' किंवा 'मागची गर्दी त्रास देते का?' असे विचारले की उत्तर देणाऱ्यालाही फोटोकडे पुन्हा पाहावे लागते.