रजेत लाडू विकले, म्हणून कंपनी पगार परत मागते

प्रश्न : मी पुण्यातल्या एका खासगी कंपनीत सहा वर्षं अकाउंट्स बघते. पगार 38 हजार. पहिलंच बाळंतपण, म्हणून माहेरी सांगलीला आले आहे. रजेचे वीस आठवडे झाले, बाळ चार महिन्यांचं आहे. मध्येच मिस्टरांची नोकरी गेली आणि घराचा हप्ता 19 हजार 400. म्हणून आई आणि मी डिंकाच्या नि अळिवाच्या लाडवांच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर घेऊ लागलो. महिन्याला सात-आठ हजार सुटतात. बाळाला तिसरा महिना असताना ओळखीच्या एका सीएंची जीएसटीची कामंही बारा रात्री घरून करून दिली, त्याचे 9 हजार खात्यात आले. ऑफिसमधल्या कुणीतरी माझ्या लाडवांच्या स्टेटसचा स्क्रीनशॉट एचआरला पाठवला. आता मेल आली आहे : रजेत दुसरीकडे काम केलंत, आजवर दिलेले 1 लाख 52 हजार परत करा, किंवा सात दिवसांत राजीनामा द्या, वसुली माफ करू. पाचव्या महिन्याचा पगारही अडवला आहे. दोन हप्ते थकलेत. सासूबाई म्हणतात पाटल्या मोडू या. अंगणवाडीताई म्हणतात मातृवंदनाचा फॉर्म भर. मला काहीच सुचत नाही.

उत्तर : राजीनामा देऊ नका. बाळ झोपल्यावर बाकीचं सावकाश वाचा, पण एवढं आत्ताच मनाशी पक्कं करा. फोनवर "हो, बघते" असंसुद्धा म्हणू नका. "वसुली माफ, फक्त राजीनामा द्या" ही ऑफर कामगार न्यायालयाच्या आवारात आम्ही इतक्यांदा ऐकली आहे की ती कुठल्या एचआरच्या डोक्यातून निघाली हे विचारायचंही आम्ही सोडून दिलंय. दीड लाखाची भीती घालायची आणि सुटका म्हणून नोकरी काढून घ्यायची. एकदा "स्वेच्छेने" या शब्दाखाली सही झाली की पुढे ती स्वेच्छा नव्हती हे सिद्ध करता करता बाळ शाळेत जायला लागतं.

आता कायदा. बाळंतपणाच्या रजेचा पगार तुम्हाला 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यानं मिळत होता. 2017 च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन बाळंतपणांसाठी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये सामावला गेला, पण तुमच्या कामाच्या तरतुदी जवळजवळ जशाच्या तशा तिथे आल्या आहेत. कंपनी ज्यावर बोट ठेवते आहे ते जुन्या कायद्याचं कलम 18. त्याचा मथितार्थ असा : मंजूर रजेच्या काळात बाई एखाद्या आस्थापनेत काम करील, तर तेवढ्या काळापुरता तिचा लाभावरचा हक्क जाईल.

"तेवढ्या काळापुरता" हे शब्द मेल लिहिणाऱ्यानं वाचलेले दिसत नाहीत, किंवा वाचून गिळले. चार महिन्यांचा पगार परत मागायला त्या कलमात कसलाही आधार नाही. कंपनीचा सगळा आरोप जसाच्या तसा खरा धरला, तरी हिशेब होईल तो काम केलेल्या दिवसांचा.

मग लाडू हे "आस्थापनेत काम" होतं का? तुमच्या बाजूनं बोलायला भरपूर आहे. तुम्ही कुणाच्या नोकरीत नव्हता, आईच्या स्वयंपाकघरात होता, कढईशी बहुतेक वेळ आई उभी होती. जुन्या कायद्यात आस्थापना म्हणजे कारखाना, खाण, मळा, दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेलं दुकान असा अर्थ होता, त्यात सांगलीचं स्वयंपाकघर कुठूनच बसत नव्हतं. नव्या संहितेत मात्र व्याख्या ऐसपैस आहे : जिथे कुठलाही धंदा किंवा व्यवसाय चालतो ती जागा. कंपनीचा वकील हुशार असला तर याच वाक्याला लोंबकळेल. म्हणून शंभर टक्के बिनधास्त राहा असं मी म्हणणार नाही. पण प्रसूती लाभाचा कायदा बाईच्या बाजूनं वाचायचा असतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 1977 सालीच सांगून ठेवलंय. दक्षिणेतल्या मळ्यातल्या एका मजूर बाईची ती केस. रजेच्या बारा आठवड्यांत बिनपगारी रविवार धरायचे की वगळायचे, एवढाच वाद. न्यायालय म्हणालं, आठवडा म्हणजे सात दिवस, रविवारसुद्धा. आणि पुढे हेही म्हणालं की हा लाभ बाईला नुसतं जगवण्यासाठी नाही. तिची खर्ची पडलेली ताकद भरून यावी, तिनं बाळाला पाजावं आणि कामगार म्हणून तिची क्षमता टिकावी यासाठी आहे. या नजरेनं पाहिलं तर आईबरोबर लाडू वळण्यात त्या हेतूला कुठे धक्का लागला, हे कंपनीला दाखवावं लागेल.

सीएंचं काम ही मात्र वेगळी गोष्ट, आणि इथे मी तुमची पाठ थोपटणार नाही. सीएंचं ऑफिस ही आस्थापना आहे, काम तुमच्या पेशातलंच आहे, पैसे खात्यात आले आहेत. रजेच्या नोटिशीत "या काळात कोणत्याही आस्थापनेत काम करणार नाही" असं एक वाक्य असतं, तसं लिहून द्यावंच लागतं. तुम्हीही त्याखाली सही केली असणार. काम रात्री केलं, घरून केलं, बाळ मांडीवर होतं, हे सगळं माणूस म्हणून समजतं, पण कलमात त्याला जागा नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत ते झालं नाही हे त्यातल्या त्यात बरं, कारण त्या काळात काम करायला कायद्यानं सरळ मनाई आहे. बारा दिवसांचा लाभ जाऊ शकतो असं धरून चला. 38 हजारांच्या पगाराला ढोबळ हिशेबानं 15 हजार रुपये. म्हणजे 9 हजार मिळवायला 15 हजार पणाला लावले. अकाउंट्सवाल्या बाईला आणखी काय सांगू?

उत्तर देताना हे काम लपवायचं का? माझ्याच पेशातले काही जण म्हणतील, त्यांनी नाव घेतलेलं नाही तर आपण कशाला सांगा. मला ते पटत नाही. कायद्यानुसार रजेत असलेल्या बाईला काढता येत नाही, तिच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलताही येत नाहीत. अपवाद एकच : नियमांत सांगितलेलं घोर गैरवर्तन. त्या यादीत मारहाण, चोरी, फसवणूक अशा गोष्टी असतात. लाडू त्यात नाहीत, बारा रात्रींची जीएसटी रिटर्नही नाहीत. पण तुम्ही लेखी लिहून दिलंत की "मी काहीच काम केलं नाही" आणि उद्या बँकेचं स्टेटमेंट समोर आलं, की फसवणूक हा शब्द तुम्हीच त्यांच्या हातात दिलात. स्वतःहून सांगा आणि मोजून सांगा : अमुक तारखा, बारा दिवस, तेवढ्या दिवसांपुरतं कायद्याप्रमाणे जे समायोजन होईल ते मान्य, बाकी मागणी अमान्य. नेमणूकपत्रात परवानगीशिवाय दुसरं काम करायचं नाही अशी अट असेल, बहुतेक असतेच, तर रुजू झाल्यावर त्यावरून कारणे दाखवा नोटीस येऊ शकते. तिला तेव्हा उत्तर देऊ. समज देऊन प्रकरण मिटेल असा माझा अंदाज आहे.

उत्तर सात दिवसांच्या आत, मेलवरच, साध्या मराठीत किंवा जमेल त्या इंग्रजीत. त्यात अडवलेला पगार ताबडतोब मागा. इथे एक गंमत आहे. बाळंतपणाआधीच्या काळाचे पैसे आगाऊ आणि उरलेल्या काळाचे बाळाच्या जन्माचा पुरावा दिल्यापासून 48 तासांत द्यायचे, असा कायदा आहे. कंपन्या ते पगारासारखे महिन्याच्या महिन्याला देतात आणि बायका काही बोलत नाहीत, कारण पैसे येत तर असतात. तुमच्या कंपनीनं 48 तासांचा नियम पाळला असता तर आज अडवायला त्यांच्याकडे काही उरलंच नसतं. लाभ काढून घ्यायचाच असेल तर त्याला लेखी आदेश लागतो, आणि असा आदेश किंवा बडतर्फीचं पत्र हाती पडल्यापासून 60 दिवसांत तुम्हाला अपील करता येतं. पगार सुटला नाही तर पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार द्या. पूर्वी ज्यांना निरीक्षक म्हणत त्यांना आता निरीक्षक-तथा-सुविधाकर्ता म्हणतात, काम तेच आहे. तक्रारीला वकील लागत नाही. सोबत रजेचा अर्ज, मंजुरीची मेल, जन्मदाखला, रजेआधीच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि ही धमकीची मेल जोडा. लाभ त्या तीन महिन्यांच्या सरासरी रोजावर मोजतात, म्हणून पावत्या महत्त्वाच्या.

आता बँक, कारण तुमच्या पत्रात मला खरी घाई इथे दिसते. दोन हप्ते थकलेत. थकबाकी 90 दिवसांच्या पुढे गेली की कर्ज अनुत्पादित ठरतं, मग 60 दिवसांची मागणी नोटीस आणि त्यानंतर घराच्या ताब्याची भाषा सुरू होते. तिसरा हप्ता चुकायच्या आत दोघांनी मिळून शाखेत अर्ज द्या : पतीची नोकरी अमुक तारखेला गेली, पत्नी अमुक तारखेला रुजू होणार, मुदत वाढवून हप्ता कमी करावा. कर्ज दोघांच्या नावावर असेल तर अर्जावर सह्याही दोघांच्या हव्यात. पोच घ्या. काउंटरवरचा माणूस "साहेब नाहीत" म्हणाला तर अर्ज मेलनं पाठवा. बँक नाही म्हणू शकते, पण 90 दिवसांच्या आत आलेला अर्ज आणि नंतर आलेली गयावया, यांना मिळणारी वागणूक वेगळी असते.

पाटल्यांबद्दल. लग्नात तुम्हाला मिळालेलं सोनं, माहेरचं असो की सासरचं, ते तुमचं स्त्रीधन. नवऱ्याचा किंवा सासूबाईंचा त्यावर मालकी हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2024 मध्ये पुन्हा एकदा हे स्पष्ट केलं : अडचणीत नवऱ्यानं स्त्रीधन वापरलं तरी ते किंवा त्याची किंमत परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याच्यावर राहते. सासूबाई काही वाईट हेतूनं म्हणत असतील असं नाही, घर वाचावं असंच त्यांना वाटत असणार. पण मोडायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. मला विचाराल तर मोडण्यापेक्षा गहाण बरं. सहा आठवड्यांनी तुमचा पगार सुरू होणार आहे, मोडलेल्या पाटल्या पुन्हा घडवायला मजुरी पडते ती वेगळीच. कर्ज तुमच्या नावावर घ्या, पैसे थेट हप्त्याच्या खात्यात भरा, पावती स्वतःजवळ ठेवा.

मातृवंदनाचा फॉर्म भरू नका. पहिल्या बाळासाठी 5 हजार मिळतात हे खरं, पण ज्यांना दुसऱ्या कायद्याखाली असाच लाभ मिळतो त्यांना ही योजना लागू नाही, आणि तुम्हाला तो मिळतोय. ताई आपलं काम करताहेत, त्यांना तसं सांगा. एका वसुलीला उत्तर देत असताना दुसरी ओढवून घेऊ नका.

लाडू बंद करायला मी सांगणार नाही, पण उरलेल्या सहा आठवड्यांत ऑर्डरी, पैसे आणि स्टेटस आईच्या नावावर असू द्या. नुसतं कागदावर नाही, धंदा खरोखर त्यांचा होऊ द्या. घरून खाद्यपदार्थ विकायलाही अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. एवढ्या उलाढालीला मोठा परवाना नको, साधी नोंदणी पुरते, ऑनलाइन होते आणि फी किरकोळ आहे. तीही आईच्या नावे करा. आतापर्यंत तुमच्या हातात आलेला लाडवांचा आणि सीएंचा पैसा मात्र तुमच्या विवरणपत्रात धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवा. तुमच्या एकूण उत्पन्नावर नव्या कररचनेत कर निघणार नाही, फॉर्म तेवढा नेहमीचा साधा चालणार नाही. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

आणि एक राहिलं. कंपनीनं बाळंतपणाच्या आधीची-नंतरची वैद्यकीय सोय स्वतः मोफत केली नसेल, तर लाभाशिवाय 3,500 रुपये वैद्यकीय बोनस देणं तिच्यावर बंधनकारक आहे. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणजे मिळाला नसावा. एचआरला जाणाऱ्या उत्तराची शेवटची ओळ त्या 3,500 ची मागणी असू द्या. सहा वर्षांत तिथे कुणी तो मागितला नसेल तर त्यांना कलम शोधायला बसावं लागेल, आणि ते शोधताना जवळपासची बाकीची कलमंही नजरेखालून जातील.