वाचकांचे प्रश्न : न लिहिलेला बिट

प्रश्न : वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या नव्या मेमरीवर मी प्रकल्प करते आहे. फेज-चेंज मेमरी वाचायला जलद, पण लिहायला संथ आणि वीजखाऊ, असं सगळीकडे वाचते. असं का? आणि दोष पदार्थातच असेल, तर संगणकाच्या विद्यार्थ्याने त्यात काय करायचं?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : मी बरीच वर्षं मेमरी कंट्रोलरवर, म्हणजे मेमरीत काय आणि कसं लिहायचं-वाचायचं हे सांभाळणाऱ्या भागावर, काम केलं आहे, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाने मला फार आनंद झाला. करण्यासारखं पुष्कळ आहे.

आधी पदार्थाबद्दल. फेज-चेंज मेमरीतलं जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचं मिश्रण स्फटिकरूपात असलं की वीज सहज वाहू देतं, अस्ताव्यस्त रचनेत असलं की अडवतं. वाचताना फक्त हा अडथळा मोजायचा असतो. लिहिताना मात्र सेल, म्हणजे बिट साठवणारा या पदार्थाचा ठिपका, खरोखर तापवावा लागतो. ‘रीसेट’साठी सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन वितळवायचा आणि झटकन थंड करायचा, म्हणजे प्रवाह मोठा पण वेळ थोडा. ‘सेट’साठी त्याहून कमी तापमानावर स्फटिक जुळेपर्यंत थांबायचं, म्हणजे प्रवाह कमी पण वेळ जास्त. चिपला एका वेळी मिळणारी वीज मर्यादित, म्हणून एकच ओळ (एकदम लिहायला आलेल्या बिटांचा गट) बरेचदा तुकड्यातुकड्याने लिहावी लागते. शिवाय प्रत्येक तापवण्याने सेल थोडा झिजतो.

आता तुमचं काम. प्रोसेसर एका वेळी ६४ बाइटची ओळ पाठवतो, म्हणजे ५१२ बिट. मी पहिल्यांदा जुनी आणि नवी ओळ एकाखाली एक छापून पाहिली, तेव्हा थक्क झालो. एक काउंटर एकने वाढला होता, बाकी सगळं जसंच्या तसं! तरी कंट्रोलर पूर्ण ओळ नव्याने तापवत होता. तेव्हा आधी वाचा, ताडून पाहा, बदललेलेच बिट लिहा. वाचन स्वस्त आहे, त्याची भरपाई लगेच होते.

पुढची पायरी २००९ मधली ‘फ्लिप-एन-राइट’. ही युक्ती मला आजही मोहवते. समजा सेलमध्ये १०११००१० आहे आणि लिहायचं आहे ०१००११११. सात बिट बदलावे लागतील. पण नव्या आकड्याचं उलट रूप १०११०००० घेतलं, तर जुन्याशी फरक फक्त एका बिटाचा! ते लिहा, आणि ‘हे उलट आहे’ असं सांगणारा एक जादा बिट लावा. सातऐवजी दोन. आठ बिटांच्या गटात हा जादा बिट धरूनही चारपेक्षा जास्त बदल कधीच होत नाहीत. म्हणजे सर्वांत वाईट वेळेचा वीजखर्चही आधीच बांधता येतो, आणि माझ्या मते सरासरी बचतीपेक्षा हेच मोलाचं आहे.

बाजारात काय झालं, तेही सांगतो. इंटेल आणि मायक्रॉनने २०१५ मध्ये थ्रीडी एक्सपॉइंट ही मेमरी जाहीर केली; ती फेज-चेंज प्रकारचीच मानली जाते. मायक्रॉनने २०२१ मध्ये ती सोडली, तर इंटेलने २०२२ मध्ये आपला ऑप्टेन (याच मेमरीचं इंटेलचं व्यापारी नाव) व्यवसाय गुंडाळत असल्याचं सांगितलं. पण चुंबकीय एमरॅममध्येही बिट उलटवायला वाचण्यापेक्षा जास्त ऊर्जा लागते, त्यामुळे हा अभ्यास वाया जाणार नाही.

एका ठिकाणी मात्र सांभाळा. माहिती एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात, ठेवायची असेल, तर मूळ मजकुरातला एक बिट बदलला तरी ओळीतले जवळपास निम्मे बिट बदलतात, आणि ताडून पाहण्याचा फायदा बराचसा जातो. २०१५ मध्ये मांडलेल्या ‘ड्यूस’ पद्धतीत बहुतेक वेळा बदललेले शब्दच (ओळीतले छोटे तुकडे) पुन्हा एन्क्रिप्ट करतात, बाकीच्यांना हात लावत नाहीत. प्रकल्पासाठी मी हाच विषय घेतला असता. सुरुवातीला एखाद्या प्रोग्रॅमच्या मेमरी-लेखनांची नोंद घ्या, जुन्या-नव्या ओळींचा एक्सॉर काढा (बिट वेगळे असतील तिथे १, सारखे तिथे ०) आणि त्यात १ किती आहेत ते मोजा. एन्क्रिप्शनशिवाय एकदा, एन्क्रिप्शनसह एकदा.