झोपेतून कापलेले हप्ते

पत्र : ताई, मी एसटीत चालक आहे, वय ४२, गाव कोरेगाव तालुक्यात. घराचे कर्ज आणि मुलाच्या अकरावीच्या क्लासची फी यांसाठी वर्षभर डबल ड्युटी स्वतःहून मागून घेतो. सुट्टीच्या दिवशी झोपून राहतो म्हणून पत्नी चिडते, मुलगा तर माझ्याशी बोलतच नाही. मागच्या महिन्यात दुपारी स्वारगेटहून परतताना, खंबाटकी ओलांडल्यावर सुरूरच्या अलीकडे माझा डोळा लागला. वाहकाने हाक मारली म्हणून निभावले. हे घरी सांगितलेले नाही. माझे कष्ट घरच्यांना कसे समजावू?

उत्तर : भाऊ, तुम्ही विचारलेला प्रश्न पत्राच्या शेवटी आहे, परंतु त्याच्या आधीचे ते सुरूरचे वाक्य वाचून मला पुढे जाववेना. घरच्यांना जे समजावयाचे आहे ते त्या वाक्यातच आहे, आणि नेमके तेच तुम्ही त्यांच्यापासून लपवले आहे.

ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी ३ सेकंदांत ५० मीटर पुढे जाते. तेवढा वेळ तुमच्या गाडीला चालक नव्हता आणि आत बसलेल्यांपैकी कुणाला त्याची कल्पनाही नव्हती. हे तुम्हाला अपराधी ठरवण्यासाठी लिहीत नाही. पहाटे आणि दुपारी दोन ते चारच्या सुमारास शरीर आपोआप मंदावते, आणि त्यात अनेक दिवसांची अपुरी झोप मिसळली की वीस वर्षे स्टिअरिंग धरलेल्या माणसाचाही डोळा लागतो. तोंडावर पाणी मारणे, खिडकीतून वारा घेणे, कडक चहा पिणे, यांनी थोडा वेळ हुशारी वाटते इतकेच. झोपेची उणीव झोपेनेच भरते. स्थानकात गाडी उभी असेल तेव्हा वीस मिनिटे पाठ टेकता आली, तर ती गप्पांत घालवू नका. सर्दी-खोकल्याची गोळी घेण्यापूर्वी तिने झोप येते का, हे औषध दुकानदाराला अवश्य विचारा. तुम्ही मोठ्याने घोरता का आणि मध्येच श्वास अडकतो का, हे वहिनींना विचारा. तसे असेल तर साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये जाऊन दाखवा, कारण मग आठ तास झोपूनही थकवा जाणार नाही.

डबल ड्युटी मागून घेणे मात्र या आठवड्यापासून थांबवा. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग ९ तासांची विश्रांती धरली होती. त्या नऊ तासांतही गावी पोहोचणे, अंघोळ, जेवण आणि पहाटे पुन्हा आगार गाठणे बसवले, तर प्रत्यक्ष झोपेला जेमतेम सहा तास उरतात. तुम्ही त्यातूनही हप्ता कापता आहात. पुन्हा डोळे जड झाले, तर गाडी सुरक्षित जागी उभी करून वाहकाला स्पष्ट सांगा; गाडी उशिरा पोहोचली म्हणून कुणी रागावले तर रागावू द्या.

आता पैशाचे. तुमच्या पत्रात कर्जाचा आकडा नाही, आणि मला शंका आहे की तो वहिनींनाही पुरता ठाऊक नसावा. आपल्याकडे घरातील कर्त्या पुरुषाने चिंता एकट्याने वाहावी, अशी रीत पडली आहे. मला ती मुळीच मान्य नाही. घरखर्च महिनाअखेरपर्यंत पुरवणाऱ्या बाईला हप्त्यांचे गणित पेलणार नाही, असे कसे म्हणता येईल? पगारपत्रक, कर्जाचे पासबुक आणि क्लासच्या पावत्या दोघांच्या मध्ये ठेवून एक संध्याकाळ बसा. डबल ड्युटीचे पैसे वजा केल्यावर किती कमी पडते हे आधी काढा, आणि मग कर्जाची मुदत वाढवून हप्ता लहान करता येईल का, हे बँकेत दोघे मिळून विचारा. व्याज थोडे जास्त जाईल; जाऊ द्या.

वहिनींचा राग तुमच्या झोपेवर नाही, असे मला वाटते. आठवड्यातून एकदा घरी असलेला माणूसही घरात नसतो, याचा तो राग आहे, आणि कारण न कळल्यामुळे तो वाढला आहे.

मुलाचेही तेच आहे. त्याने तुमची दिवसाची झोप पाहिली आहे, रात्र पाहिलेली नाही. दिवाळीच्या सुट्टीत तुम्हाला मुक्कामाची गाडी लागली, तर त्याचे तिकीट काढून त्याला सोबत न्या. शेवटच्या गावी गाडी लावल्यावर तुम्ही आणि वाहक डबा कुठे खाता, अंथरूण कुठे टाकता आणि पहाटे अंधारात, पहिले प्रवासी थांब्यावर येण्याआधी, गाडी कशी तयार करता, हे त्याला पाहू द्या. त्या प्रवासात त्याच्या गुणांची चौकशी करू नका. तो गप्प राहिला तरी चालेल. सोळा-सतरा वर्षांची मुले लगेच बोलत नाहीत.

परंतु दिवाळीला अवकाश आहे, आणि सुरूरची गोष्ट तितके दिवस थांबू शकत नाही. ती वहिनींना पुढच्या ड्युटीवर निघण्यापूर्वी सांगा. शब्द सुचले नाहीत, तर तुम्ही मला लिहिलेले हे पत्रच त्यांच्या हाती द्या.