गीता मनाचा आरसा म्हणून वाचता येते का?

तुम्ही विचारलंय की गीतेसारखा ग्रंथ घडलेली लढाई म्हणून न वाचता स्वतःच्या मनात डोकावायला वाचला तर चालेल का, आणि त्यात कल्पनेचं काय काम.

चालेल की. गांधीजीसुद्धा कुरुक्षेत्र माणसाच्या अंतःकरणातच आहे असं मानायचे. पण आपण लोक लगेच कोष्टक मांडतो: दुर्योधन म्हणजे लोभ, पाच पांडव म्हणजे पाच इंद्रियं. कोष्टक भरलं की पोथी मिटली! आणि त्यात अर्जुनाची जागा प्रत्येकाने स्वतःसाठी राखून ठेवलेली असते. मीही ठेवली होती.

आमचा चुलतभावाशी बांधावरून वाद चालू होता. त्या दिवसांत मी रोज थोडी ज्ञानेश्वरी वाचायचो. गीतेच्या पहिल्याच श्लोकात धृतराष्ट्र विचारतो, ‘मामकाः पाण्डवाश्चैव’, म्हणजे माझे आणि पांडव. पांडव त्याच्या भावाची पोरं, तरी ‘माझे’मध्ये नाहीत. मूळ श्लोकात नसलेले दोन शब्द ज्ञानदेव इथे घालतात, ‘पुत्रस्नेहें मोहितु’. आदल्याच रात्री मी बायकोला म्हणालो होतो, “आपण आपल्या पोरांचं बघू, त्यांचं ते बघतील.” ती पोरं मला काका म्हणतात. त्या दिवशी पुढची ओवी काही वाचवली नाही.

कल्पनेबद्दल ज्ञानदेवांनीच पहिल्या अध्यायात सांगून ठेवलंय. शरदाच्या चांदण्यातले कोवळे अमृतकण चकोराची पिल्लं जशी मवाळ मनाने वेचतात, तशी ही कथा चित्त हळुवार करून अनुभवावी. पुढची ओवी तर थेटच आहे: ‘हें शब्देंवीण संवादिजे । इंद्रियां नेणतां भोगिजे । बोलाआधि झोंबिजे । प्रमेयासी ॥’ म्हणजे शब्दांशिवाय संवाद करावा, इंद्रियांना न कळता भोगावं, बोलाच्या आधी आशयाला भिडावं. मी एवढंच करतो, एक ओवी वाचायची, पोथी बाजूला ठेवायची आणि ते चित्र डोळ्यांपुढे राहू द्यायचं. ७०० श्लोकांवर नऊ हजारांच्या आसपास ओव्या आहेत. सात दिवसांच्या पारायणात हे जमत नाही. पारायणाची मजा वेगळी.

सहाव्या अध्यायात मात्र जपून. तिथे कुंडलिनी, म्हणजे योगात मानलेली शरीरातली निजलेली शक्ती, येते ती कुंकवात न्हालेलं, वेटोळं घालून निजलेलं नागिणीचं पिल्लू. चित्र मनसोक्त बघा, पण पुस्तक वाचून त्याला उठवायला बसू नका. ज्ञानदेव स्वतः त्या अनुभवाला नाथपंथाच्या संकेतातलं मर्म म्हणतात, आणि ती वाट गुरूकडून चालत आलेली आहे.