वाचकांचे प्रश्न : भाषांतराच्या वर्गातला इतिहास

प्रश्न : भाषांतराच्या पदविका अभ्यासक्रमाला मी ‘इंग्रजीभाषक देशांचा इतिहास आणि संस्कृती’ हा विषय शिकवते. आठवड्याला दोन तास मिळतात. नॉर्मन आक्रमणापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत सगळे क्रमाने शिकवून होते आणि विद्यार्थी उत्तरपत्रिकेत सनावळ्या बिनचूक लिहितात. पण त्यांचीच भाषांतरे तपासायला घेतली की या विषयाचा मागमूसही दिसत नाही. कुठे चुकते आहे? – एक अध्यापिका

उत्तर : तुमचे शिकवणे चुकत नसावे, दिशा चुकत असावी. इतिहासाचा विद्यार्थी एका घटनेवरून पुढच्या घटनेकडे जातो. भाषांतरकाराला इतिहास भेटतो तो वाक्यातल्या एखाद्या शब्दापाशी, आणि तिथून त्याला मागे चालत जावे लागते. पंचाईत अशी की तो शब्द बहुधा अवघड दिसतच नाही. तो ओळखीचा वाटतो, हात थांबत नाही आणि चूक निमूटपणे कागदावर उतरते.

माझ्या वर्गात मी सत्राच्या सुरुवातीलाच एक साधे इंग्रजी वाक्य देतो : १८४६ मध्ये कॉर्न लॉज रद्द झाले आणि पील यांच्या पक्षात फूट पडली. बहुतेक वह्यांत ‘मक्याचे कायदे’ असे उत्तर येते. मी स्वतःही पहिल्यांदा तेच लिहिले होते, त्यामुळे हसायचा अधिकार मला नाही. ब्रिटिश इंग्रजीत कॉर्न म्हणजे धान्य, आणि या कायद्यांच्या संदर्भात मुख्यतः गहू. मका हा अर्थ अमेरिकेतला. तिथे गेलेल्या वसाहतवाल्यांना मूळ रहिवाशांकडून जे नवे धान्य मिळाले त्याला त्यांनी आधी ‘इंडियन कॉर्न’ म्हटले आणि पुढे त्यातला पहिला शब्द गळून पडला.

इथवर शब्दकोशानेही भागले असते. खरा तास यानंतर सुरू होतो. १८१५ च्या कायद्याने असे ठरवले होते की देशातल्या गव्हाचा भाव क्वार्टरला ८० शिलिंगांपर्यंत चढल्याखेरीज परदेशी गहू बाजारात आणता येणार नाही. (‘क्वार्टरला’ या शब्दापाशी कोणीतरी हमखास ‘तिमाही’ लिहितो, इथे ते धान्य मोजायचे आठ बुशेलांचे माप आहे.) मग मी विचारतो, गहू महाग राहिला तर फायदा कोणाचा? जमीनदारांचा, आणि संसदेत बसत होते तेही बव्हंशी जमीनदारच. झळ कोणाला बसली? गिरणीत राबून पाव विकत घेणाऱ्यांना, आणि त्यांच्या मजुरीचा हिशेब करणाऱ्या मँचेस्टरच्या गिरणीमालकांनाही. म्हणूनच हे कायदे रद्द व्हावेत यासाठीच्या कॉब्डेन आणि ब्राइट यांच्या चळवळीत मालक आणि मजूर काही काळ एका बाजूला दिसतात. १८४५ मध्ये आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला, दुष्काळ सुरू झाला, आणि ज्या पक्षाचा आधार जमीनदारांवर होता त्याच पक्षाचे पंतप्रधान पील यांनी विरोधकांच्या मतांवर हे कायदे रद्द करून घेतले. एवढे झाल्यावर मी फळ्यावर ‘धान्य कायदे’ लिहितो. तोवर वर्गव्यवस्था, मताधिकार, औद्योगिक शहर आणि आयर्लंड हे सगळे एकाच शब्दाच्या मागून वर्गात येऊन गेलेले असते, आणि सनावळी कोणाला पाठ करावी लागत नाही.

काय सोडावे, हेही यातूनच ठरते. आठव्या हेन्रीच्या सहा राण्या खुशाल सोडून द्या. रोमशी, म्हणजे पोपच्या सत्तेशी, झालेली त्याची फारकत मात्र सोडू नका. तिच्यामुळे इंग्लंडचे अधिकृत चर्च उभे राहिले आणि पुढे त्या चर्चबाहेरच्या प्रॉटेस्टंट पंथांची वेगळी प्रार्थनास्थळे आली. ‘ते लोक चर्चला नव्हे, चॅपलला जाणारे होते’ असे एखाद्या एकोणिसाव्या शतकातल्या पात्राबद्दल म्हटलेले असते, तेव्हा त्याचा पंथ कळतोच, शिवाय बऱ्याचदा सामाजिक पायरीही कळते. मराठीत दोन्हीकडे ‘प्रार्थनामंदिर’ लिहिले की ते वाक्यच मेले.

जुने चलन आणि दिनदर्शिका यांना मिळून एक तास पुरतो, पण तो द्याच. १५ फेब्रुवारी १९७१ पूर्वी एका पौंडाचे २० शिलिंग आणि २४० पेन्स होत, आणि गिनी म्हणजे २१ शिलिंग. हे माहीत नसेल तर कादंबरीतल्या डॉक्टरने गिनीत आणि वाण्याने शिलिंगात पैसे का मागावेत हे कळत नाही. ब्रिटनने १७५२ मध्ये दिनदर्शिका बदलली, तेव्हा २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. त्याआधी इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्मदिवस एका कागदावर ११ फेब्रुवारी १७३१ आणि दुसऱ्यावर २२ फेब्रुवारी १७३२ असा सापडतो, आणि दोन्ही बरोबर असतात. अशा ठिकाणी एखादा दक्ष विद्यार्थी तारीख परस्पर ‘सुधारून’ टाकतो, ते टाळायचे आहे.

परीक्षेबद्दल एक सूचना. ‘टीप लिहा’ हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी एखादा उतारा द्या आणि सांगा की भाषांतर करू नका. जिथे तुम्ही थांबाल ते शब्द अधोरेखित करा आणि का थांबाल ते प्रत्येकी दोन ओळींत लिहा.

प्रश्न : मी भाषांतराची विद्यार्थिनी आहे. हवी ती माहिती आज क्षणात शोधता येते आणि यंत्रेही बरे भाषांतर करतात. मग हा विषय वेगळा शिकण्याची गरज उरली आहे का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : शोधणाऱ्याला सापडते, हे खरेच, पण शोधावेसे वाटायला आधी शंका यावी लागते. ‘होम सेक्रेटरी’ हे शब्द घ्या. मराठीत ‘सचिव’ म्हणजे प्रशासनातला अधिकारी, म्हणून ‘गृहसचिव’ हा प्रतिशब्द आपोआप लिहिला जातो. ब्रिटनमध्ये मात्र ते पद निवडणुकीच्या राजकारणातून येणाऱ्या गृहमंत्र्याचे आहे. अमेरिकेत ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ म्हणजे परराष्ट्रमंत्री, पण तिथल्या बहुतेक घटकराज्यांत याच नावाचा एक वेगळा पदाधिकारी असतो आणि त्याच्याकडे प्रामुख्याने निवडणुका आणि सरकारी नोंदी असतात. ब्रिटनमध्ये तर हेच पदनाम अनेक खात्यांचे मंत्री लावतात. कोणत्या देशातला, कोणत्या पातळीवरचा, हे दोन प्रश्न डोक्यात आले नाहीत तर शोध सुरूच होत नाही.

‘बिलियन’चेही तसेच. १९५० च्या सुमाराच्या ब्रिटिश लेखनात बिलियन म्हणजे बहुधा एक लाख कोटी, अमेरिकी लेखनात एक अब्ज. १९७४ मध्ये हॅरॉल्ड विल्सन यांच्या सरकारने अमेरिकी अर्थ स्वीकारला. हजारपटीची चूक आहे ही, आणि वाक्य मात्र दोन्ही आकड्यांनी तितकेच सुरळीत वाचले जाते. प्रस्ताव ‘टेबल’ करणे म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेला आणणे आणि अमेरिकेत तो बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात या एका क्रियापदावरून दोन्हीकडच्या लष्करी अधिकाऱ्यांत वाद झाल्याचे चर्चिल यांनी नोंदवून ठेवले आहे. दोन्ही बाजूंची मातृभाषा इंग्रजीच होती, हे लक्षात घ्या.

प्रश्न : अभ्यासक्रमात ब्रिटन आणि अमेरिका एवढेच असावे, बाकीचे देश वेळ मिळाला तर, असे आमच्या विभागात ठरते आहे. आपले मत? – एक विभागप्रमुख

उत्तर : मी न्यूझीलंडपासून सुरुवात करीन, कारण त्या देशाच्या पायाशीच एक भाषांतर आहे. ब्रिटिश राजसत्ता आणि तिथल्या मूळ रहिवाशांचे, म्हणजे माओरींचे, प्रमुख यांच्यातला वाइटांगीचा करार ६ फेब्रुवारी १८४० रोजी झाला. त्याचा इंग्रजी मसुदा हेन्री विल्यम्स हे मिशनरी आणि त्यांचा मुलगा एडवर्ड यांनी ४ फेब्रुवारीच्या रात्री माओरीत आणला. हाताशी एक रात्र. इंग्रजी मजकुरात प्रमुख आपले ‘सार्वभौमत्व’ राणीला देतात. माओरी मजकुरात त्या जागी ‘कावनातंगा’ हा शब्द आहे. गव्हर्नर या शब्दाचे माओरी रूप घेऊन घडवलेला तो शब्द कारभार किंवा प्रशासन एवढेच सांगतो. पुढच्या कलमात प्रमुखांना त्यांच्या जमिनींवर ‘रंगातिरातंगा’ राहील अशी हमी आहे, आणि प्रमुखपणाचा पूर्ण अधिकार हा त्या शब्दाचा आशय इंग्रजी मजकुरातल्या ‘ताब्या’पेक्षा कितीतरी मोठा आहे. सह्या करणाऱ्या पाचशेहून अधिक प्रमुखांपैकी बहुतेकांनी माओरी प्रतीवरच सही केली. म्हणजे एका पक्षाला वाटले सत्ता मिळाली, दुसऱ्याला वाटले आपण फक्त कारभार दिला आणि सत्ता राखली. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वाइटांगी न्यायाधिकरणाला आजही दोन्ही मजकूर समोर ठेवून काम करावे लागते. भाषांतराच्या विद्यार्थ्याला याहून नेमका धडा मला ठाऊक नाही, आणि तुमच्या आराखड्यात तो ‘वेळ मिळाला तर’मध्ये गेला आहे.

आयर्लंडही ब्रिटनच्या प्रकरणात एक परिच्छेद म्हणून उरकू नये. उत्तर आयर्लंडमधल्या एकाच शहराला कोणी डेरी म्हणतो, कोणी लंडनडेरी, आणि बोलणाऱ्याने निवडलेल्या नावावरून त्याची बाजू, आयर्लंडची की ब्रिटनची, बऱ्याचदा ओळखता येते. भाषांतरकाराने एकसारखेपणाच्या हौसेने सगळीकडे एकच नाव केले तर संवादातला अर्धा संघर्ष नाहीसा होतो. ऑस्ट्रेलियासाठी वेळ कमी असेल तर निदान एवढे सांगा की तिथला लिबरल पक्ष हा मध्यापासून उजवीकडचा पक्ष आहे. त्याचे भाषांतर ‘उदारमतवादी’ असे करून त्याची अमेरिकेतल्या लिबरल मंडळींशी गाठ घालू नका.

प्रश्न : असे संदर्भ भाषांतरात तळटिपेत द्यावेत की मजकुरातच उलगडावेत? – एक नवे भाषांतरकार

उत्तर : ललित मजकुरात तळटीप हा शेवटचा उपाय. शक्य तिथे दोन शब्द वाक्यातच मिसळावेत : ‘बॉक्सिंग डे’ला ‘नाताळच्या दुसऱ्या दिवशी, बॉक्सिंग डेला’ असे लिहिले की वाचक अडखळत नाही आणि मुष्टियुद्धही शोधत नाही. मात्र जे दोन शब्द घालाल ते त्या देशाचे आहेत ना, एवढे पाहा. ‘नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगला’ अशी भर अमेरिकी कथेत शोभते, कारण तिथे तो सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो. कथा कॅनडातली असेल तर तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येतो, आणि मूळ लेखकाने न केलेली चूक तुमच्यामुळे त्याच्या नावावर जमा होते.